सीडी फोर ४४७ वरून ३०७ वर आला, म्हणजे औषध लागू पडत नाही का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, लग्न झालेले, पत्नीची तपासणी निगेटिव्ह. नऊ महिन्यांपूर्वी एचआयव्हीचे निदान झाले आणि त्याच आठवड्यात सरकारी एआरटी सेंटरमधून, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचार केंद्रातून, टीएलडीची (तीन औषधे एकत्र असलेली) गोळी सुरू झाली. तेव्हा सीडी फोर, म्हणजे एचआयव्ही ज्या संरक्षक पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो त्यांचा आकडा, ४१२ होता, टक्केवारी २०. सहा महिन्यांनी सीडी फोर ४४७, टक्केवारी २४, आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचे प्रमाण, ‘आढळला नाही’. आठव्या महिन्यात ताप-सर्दी झाली, कणकण जाईना, म्हणून धास्तीने शहरातल्या एका खासगी लॅबमध्ये दुसऱ्या नावाने सगळ्या तपासण्या करून घेतल्या. सीडी फोर ३०७, टक्केवारी २३, व्हायरल लोड ६४, किडनीचे काम दाखवणारे क्रिएटिनिन ०.८ होते ते ०.९५. एचआयव्ही आहे की नाही हे सांगणारी कार्ड टेस्टही पुन्हा केली, ती पॉझिटिव्हच आली. “डॉक्टर, एकही गोळी चुकवलेली नाही. मग रोग वाढतोय का? गोळी बदलावी लागेल का? आणि एवढ्या दिवसांत बायकोला काही झालं असेल का?”

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण झोप त्यानेच उडाली असणार. व्हायरल लोड ६४ असताना तुमच्याकडून पत्नीला शरीरसंबंधातून लागण होण्याची भीती नाही. ‘आढळला नाही’ आणि ‘६४’ यांत या बाबतीत काही फरक पडत नाही. याचा पुरावा भक्कम आहे. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आपल्या पुण्यातली आणि चेन्नईतली जोडपीही होती. एक जोडीदार बाधित, दुसरा नाही, अशी ही जोडपी. उपचार लवकर सुरू केल्यावर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. त्यानंतर युरोपात झालेल्या अभ्यासांत, व्हायरल लोड २०० च्या खाली असलेल्या माणसाकडून निरोध न वापरताही जोडीदाराला लागण झाल्याचे एकही उदाहरण सापडले नाही. गोळी सुरू होण्याआधीचे दिवस मात्र वेगळे. त्या काळाची खात्री करायला पत्नीची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा व्हायला हवी होती. झाली नसेल तर आता करून घ्या, आणि पुढेही दर सहा महिन्यांनी करत राहा.

आता आकड्यांकडे येऊ. गेली अठरा वर्षे मी एआरटी सेंटरमध्ये बसते आहे. रिपोर्ट हातात धरून थरथरत आत येणारी माणसे रोज पाहते, आणि त्यांतले बहुतेक जण घाबरलेले असतात ते सीडी फोरच्या आकड्याला. याला कारण आहे. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी मिळू लागली, तेव्हा औषध कोणाला द्यायचे हे प्रामुख्याने सीडी फोरवर ठरत असे. आधी २०० च्या खाली, पुढे ३५० च्या, मग ५०० च्या. तो आकडा म्हणजे जणू रांगेतला नंबर होता. एप्रिल २०१७ मध्ये धोरण बदलले. निदान झाले की औषध सुरू, सीडी फोर कितीही असो. पण जुन्या पेशंटच्या तोंडी, नातेवाइकांच्या बोलण्यात आणि कधी कधी डॉक्टरांच्याही डोक्यात ‘सीडी किती?’ हाच पहिला प्रश्न राहिला. औषध घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘व्हायरल लोड किती?’ हा असायला हवा. विषाणूला गोळीने दाबून धरले आहे की नाही, हे तो सांगतो. शरीराची झीज किती भरून निघाली, हे सीडी फोर सांगतो, आणि भरून निघायचे काम सावकाश, मागेपुढे होत चालते.

तुमचा ३०७ हा आकडा कसा तयार झाला ते पाहा. बऱ्याच लॅबमध्ये सीडी फोर थेट मोजत नाहीत, तीन आकड्यांचा गुणाकार करतात: एकूण पांढऱ्या पेशी, त्यांतल्या लिम्फोसाइट पेशींची टक्केवारी, आणि लिम्फोसाइटपैकी सीडी फोर पेशींची टक्केवारी. सहाव्या महिन्यात तुमच्या पांढऱ्या पेशी ६,९०० होत्या, लिम्फोसाइट २७ टक्के, म्हणजे १,८६३. त्यांचे २४ टक्के म्हणजे ४४७. तापात पांढऱ्या पेशी उतरून ४,६०० झाल्या, लिम्फोसाइट २९ टक्के, म्हणजे १,३३४. त्यांचे २३ टक्के म्हणजे ३०७. जे घसरले ते मूळ भांडवल, हिस्सा जिथल्या तिथे आहे. विषाणूजन्य तापात पांढऱ्या पेशी उतरणे हे कोणाचेही होते. एचआयव्ही नसलेल्या माणसाचाही सीडी फोर अशा तापात खाली येतो. त्याचा कोणी मोजत नाही, म्हणून त्याला कळत नाही, एवढेच.

म्हणून टक्केवारीवर बोट ठेवा. २०, २४, २३. सुरुवातीपेक्षा ती वर आहे आणि शेवटच्या दोन मोजण्यांत एका टक्क्याचा फरक आहे, जो मोजमापाच्या चुकीत सहज बसतो. टक्केवारी ताप-सर्दीने फारशी हलत नाही. विषाणू खरोखर जोर करू लागला की मात्र ती उतरते. ढोबळ ताळा सांगायचा तर २०० हा सीडी फोर साधारण १४ टक्क्यांना जुळतो. ३०७ ला २३ टक्के असतील तर त्या ३०७ वर माझा विश्वास कमी, २३ वर जास्त.

आणखीही बरेच काही या आकड्याला हलवते. दिवसभरात तो बदलतो. सकाळी-दुपारी कमी, संध्याकाळी जास्त. रात्रभर जागरण, स्टेरॉइडची गोळी, नुकतीच घेतलेली लस, ऑपरेशन, बाळंतपण या सगळ्यांनी तो वरखाली होतो. सिगारेट ओढणाऱ्यांचा थोडा जास्त येतो आणि त्याने त्यांचे काहीच भले होत नाही. यंत्र बदलले की आकडा बदलतो. नमुना कसा नेला यानेही बदलतो. सीडी फोरचे रक्त फ्रिजमध्ये ठेवायचे नसते, सर्वसाधारण तापमानात वेळेत लॅबला पोचवायचे असते. कलेक्शन सेंटरच्या पोऱ्याने ते सवयीने बर्फाच्या डब्यात टाकले तर पेशी खराब होतात. असे रिपोर्ट मी पाहिले आहेत. तब्येतीत काहीही बदल नसताना दोन मोजण्यांत वीस-तीस टक्क्यांचा फरक आला तर मी त्याला फरक मानत नाही. तुमचा फरक ३१ टक्क्यांचा आहे, म्हणजे ताप नसता तरी मी फक्त भुवया उंचावल्या असत्या. त्यात ताप होता.

म्हणूनच माझा आग्रह असतो की सीडी फोर तब्येत ठीक असताना, त्याच लॅबमध्ये, जमल्यास त्याच वेळेला करावा आणि तीन-चार मोजण्यांची रेघ पाहावी. सरकारी कार्यक्रमात तो दर सहा महिन्यांनी करतात. सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा ३५० च्या वर आला आणि व्हायरल लोडही आटोक्यात असला की पुढे तो करणेच थांबवता येते. हे ऐकून पेशंट दचकतात. ‘आता आमच्याकडे लक्ष देणार नाही का?’ असे एका मावशींनी मला विचारले होते. लक्ष द्यायचे ते व्हायरल लोडकडे, आणि ते आम्ही देतोच.

तर आता ६४. व्हायरल लोडच्या रिपोर्टवर तीन प्रकारची उत्तरे येतात आणि तिन्हींचा अर्थ लोक वेगवेगळा लावतात. ‘आढळला नाही’ म्हणजे यंत्राला त्या नमुन्यात विषाणूचा माग लागला नाही. ‘२० पेक्षा कमी’ किंवा ‘४० पेक्षा कमी’ म्हणजे माग लागला, पण मोजण्याइतका नाही. हा २० किंवा ४० चा उंबरा यंत्रागणिक बदलतो. आणि तिसरे म्हणजे नेमका आकडा. तुमचा ६४ म्हणजे एक मिलिलिटर प्लाझ्मात ६४ प्रती. औषध न घेणाऱ्या माणसात हाच आकडा हजारांत, लाखांत असतो, लागण नुकतीच झालेली असेल तर दशलक्षांतही जातो. ६४ हा त्या मानाने तळाला उरलेला ओलावा आहे.

तो आला कुठून? एचआयव्ही शरीरातून पूर्ण जात नाही. काही सीडी फोर पेशींच्या गुणसूत्रांत तो स्वतःची प्रत शिवून ठेवतो आणि पेशी झोपलेली असेपर्यंत तोही झोपून राहतो. गोळीला ही झोपलेली पेशी दिसत नाही. ताप आला, लस घेतली की अशा काही पेशी जाग्या होतात आणि थोडे विषाणू रक्तात टाकतात. नव्या पेशींत त्यांना गोळी बस्तान बसवू देत नाही, म्हणून पुढच्या तपासणीत ते दिसत नाहीत. एकदाच ५० ते २०० च्या आसपास येऊन गेलेल्या अशा आकड्याला आम्ही ब्लिप म्हणतो. एकट्या ब्लिपचा अर्थ औषधाला विषाणू दाद देईनासा झाला असा होत नाही. रक्त काढल्यावर प्लाझ्मा वेगळा करायला उशीर झाला तरी असे छोटे आकडे येऊ शकतात.

मात्र एक गोष्ट मला तुम्हाला विचारायची आहे, आणि हा प्रश्न मी समोर बसलेल्या प्रत्येकाला विचारते. तापाच्या दिवसांत ‘ताकदीच्या गोळ्या’ चालू होत्या का? लोह, कॅल्शियम, झिंक, मल्टिव्हिटॅमिन, पित्तावरचे पातळ औषध? टीएलडीमधला ‘डी’ म्हणजे डोलुटेग्राविर. तो पोटात या धातूंना चिकटतो आणि रक्तात कमी उतरतो. गोळी एकही चुकलेली नसते, पण अंगी लागलेली नसते. नियम सोपा आहे. टीएलडी या औषधांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. कॅल्शियम आणि लोहाच्या बाबतीत एक सवलत आहे: भरपेट जेवणाबरोबर घेतली तर दोन्ही एकत्र चालतात. पित्ताच्या पातळ औषधाला ही सवलत नाही. वैद्याकडून लोह भस्म, मंडूर भस्म, यशद भस्म चालू असेल तर त्यातही लोह आणि जस्तच असते, तेव्हा तेही सांगा. मी रागावणार नाही, तुमचे डॉक्टरही रागावू नयेत. पण न सांगता घेतलेल्या औषधामुळे आलेला आकडा पाहून गोळी बदलली गेली, तर एक चांगली गोळी हातची जाईल.

गोळी बदलावी लागेल का? ६४ साठी नाही. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात काळजीची रेषा १,००० ला आहे. व्हायरल लोड त्याच्यावर गेला तरी लगेच औषध बदलत नाहीत. आधी समुपदेशक तीन महिने पुन्हा पुन्हा भेटून गोळी कुठे अडते ते शोधतात, मग तपासणी पुन्हा होते, आणि तरीही १,००० च्या वरच असेल तर कागदपत्रे राज्याच्या तज्ज्ञ समितीकडे जातात. २०० ते १,००० च्या मधले आकडे मला स्वतःला अस्वस्थ करतात. ते एकदा आले तर मी गोळीच्या वेळा आणि बरोबरची औषधे तपासते. लागोपाठ दोनदा आले तर पेशंटला पुढच्या वर्षाची वाट पाहू देत नाही.

व्हायरल लोडचे आकडे वाचताना बेरीज-वजाबाकी करू नका, पटीत विचार करा. निदानाच्या वेळी एका लॅबने ४०,००० आणि दुसरीने ६०,००० सांगितले तर दोन्ही उत्तरे एकच आहेत. तिपटीपेक्षा कमी फरक हा मोजमापातला फरक धरतात. रिपोर्टवर ‘लॉग’ म्हणून जो दुसरा लहान आकडा छापलेला असतो तो याचसाठी असतो. त्यात अर्ध्यापेक्षा जास्त बदल झाला तरच खरा बदल.

कार्ड टेस्टबद्दल वाईट वाटले असेल, हे मला कळते. व्हायरल लोड ‘आढळला नाही’ असे वाचल्यावर मनात कुठेतरी आशा उगवते, आणि ती गुपचूप तपासून पाहणारे तुम्ही पहिले नाही. कार्ड टेस्ट विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध तुमच्या शरीराने बनवलेली प्रतिपिंडे शोधते. ती राहतातच. दहा वर्षे व्हायरल लोड शून्यवत असलेल्या माणसाचीही ही टेस्ट पॉझिटिव्हच येते. तेव्हा त्या पॉझिटिव्हमधून तुमच्या औषधाबद्दल काहीही कळत नाही, आणि ती पुन्हा करण्यात पैसे जातात, मन उगाच खचते. उलट ती कुठेतरी निगेटिव्ह आली आणि कोणाच्या सांगण्यावरून गोळ्या थांबवल्या, तर व्हायरल लोड बहुधा दोन-चार आठवड्यांत परत वर येतो.

क्रिएटिनिनचे ०.९५ पाहून किडनी गेली असे वाटायला नको. डोलुटेग्राविर किडनीतल्या एका वाहकाला अडवतो, त्यामुळे क्रिएटिनिन लघवीत थोडे कमी टाकले जाते आणि रक्तात ०.१ ते ०.१५ ने वाढलेले दिसते. गाळणी मात्र पहिल्यासारखीच चालू असते. ही वाढ पहिल्या महिनाभरात होते आणि तिथेच थांबते. तुमची वाढ नेमकी तेवढीच आहे. सहाव्या महिन्याचा क्रिएटिनिन सेंटरने दिलेल्या तुमच्या पुस्तकात असेल तर तो पाहा, बहुधा तोही ०.९ च्या पुढेच असेल. मला लक्ष ठेवायचे असते ते टीएलडीतल्याच दुसऱ्या औषधावर, टेनोफोविरवर. थोड्या लोकांत ते किडनीच्या नळ्यांना खरोखर इजा करते. तेव्हा क्रिएटिनिन चढतच राहते, लघवीत प्रथिने येतात, आणि रक्तातली साखर ठीक असूनही लघवीत साखर दिसते. म्हणून दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिनबरोबर लघवीची साधी तपासणीही करून घ्या. तापात अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दुकानातून घेऊन खाल्ल्या असतील तर पुढच्या वेळी पॅरासिटामॉलवर भागवा. टेनोफोविर आणि तसल्या वेदनाशामक गोळ्या एकत्र किडनीला जड जातात. जिमला जाऊन क्रिएटिनची पावडर घेत असाल तर तीही रक्तातले क्रिएटिनिन वाढवते, हेही डॉक्टरांना सांगून ठेवा.

टीबी होऊ नये म्हणून दिलेल्या आयएनएचच्या गोळ्या चालू असतील आणि यकृताच्या तपासणीतला एसजीपीटी किंचित वाढलेला असेल तर तो बहुधा आपोआप खाली येतो. मात्र भूक मेली, मळमळ थांबेना, डोळे किंवा लघवी पिवळी झाली, तर रिपोर्टची वाट न पाहता गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ही सूचना आयएनएचपुरती. टीएलडी स्वतःच्या मनाने थांबवायची नाही. विशेषतः हिपॅटायटिस बीची तपासणी पॉझिटिव्ह असलेल्यांनी, कारण टेनोफोविर त्या विषाणूलाही दाबून ठेवत असतो. तो अचानक काढला की यकृताला जोराचा फटका बसू शकतो.

मग खरी काळजी कशाची? तुमच्या पत्रात एक वाक्य होते, त्याकडे मला आकड्यांपेक्षा जास्त लक्ष द्यावेसे वाटते: ‘कणकण जाईना’. ती अजून आहे का? ताप, खोकला, वजन उतरणे, रात्री घामाने अंथरूण भिजणे, या चारपैकी एकही असेल तर थुंकीची टीबीची तपासणी करा, मग सीडी फोर ३०७ असो की ७००. आपल्याकडे एचआयव्ही असलेल्या माणसाला सर्वांत जास्त धोका टीबीचा असतो, आणि त्याच्यासाठी सीडी फोर खाली येण्याची वाट पाहावी लागत नाही. टीबी निघाला तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची: टीबीवरच्या रिफॅम्पिसिन या औषधामुळे डोलुटेग्राविर लवकर निघून जातो, म्हणून त्या काळात सकाळ-संध्याकाळ असा दोनदा द्यावा लागतो. सीडी फोर २०० च्या खाली असता तर मी तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलले असते. तिथे क्रिप्टोकॉकलची (मेंदूपर्यंत जाणाऱ्या बुरशीच्या संसर्गाची) तपासणी लागते, डोकेदुखीलाही हलके घेता येत नाही, आणि इतर संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमोक्साझोलची गोळी असतेच. ती गोळी आपल्याकडे सीडी फोर ३५० च्या खाली गेल्यापासूनच सुरू करतात. तुमच्या ३०७ कडे पाहून कोणी ती लगेच सुरू करायला सांगितले, तर आधी तब्येत बरी असतानाचा सीडी फोर पुन्हा करावा, असे माझे मत. डॉक्टरांना तसे विचारा.

खासगी लॅबमध्ये दुसऱ्या नावाने तपासणी केल्याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. छोट्या गावात लॅबच्या काउंटरवर ओळखीचा माणूस निघतो, ही भीती खोटी नसते. पण त्या नावाचा रिपोर्ट तुमच्या हिरव्या पुस्तकात चिकटवता येत नाही, आणि सेंटरच्या फाइलमध्ये ती रेघ तुटते. एचआयव्हीबद्दलची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने सर्वांवर घातले आहे, खासगी लॅबवरसुद्धा. तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. सेंटरमध्ये हीच तपासणी मोफत होते. तुमच्या नियमित तारखेला अजून अवकाश असेल तरी ‘मधल्या काळात ताप आला होता आणि ६४ आला, मला पुन्हा करायचा आहे’ असे सरळ सांगा. शंका वाटल्यास १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही बोलता येते.

आता काय करायचे ते सांगते. कणकण असेल तर उद्याच सेंटरला जा. नसेल तर ताप उतरल्यापासून चार-सहा आठवडे जाऊ द्या. ताकदीच्या गोळ्या टीएलडीपासून लांब ठेवा. मग सकाळी सेंटरमध्येच सीडी फोर, व्हायरल लोड, क्रिएटिनिन आणि लघवी द्या. खासगी रिपोर्ट, दुसऱ्या नावाचा असला तरी, बरोबर न्या आणि तापात घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटेही न्या. औषधाच्या नावापेक्षा पाकीट जास्त बोलते. आणि त्याच दिवशी पत्नीलाही घेऊन जा, तिची तपासणी बाजूच्याच खोलीत होऊन जाईल.